गरोदरपणात डिप्रेशनची गोळी आणि बाळाची वाढ: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बायांनी विचारलेले प्रश्न

बेळगावात मेडिकलच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली. ताप-खोकल्याची चिठ्ठी लोक उघडी हातात घेऊन येतात. मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र चारपदरी घडी घालून पर्सच्या तळाशी असते. दुकानात गर्दी असली की बाई म्हणते, "आधी त्यांचं द्या." सगळे गेले की हळूच विचारते, "अक्का, ही गोळी पोटातल्या बाळाला चालते काय?"

एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहिलं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी सुरू करणं, बदलणं, डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारायचं हे आधी ठाऊक असलं, तर ती दहा मिनिटं कामी लागतात.

पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली. गोळी आजपासूनच बंद करू का?

नको. आजची गोळी घ्या आणि उद्या डॉक्टरांना फोन करा.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. खरं तर विचारणाऱ्या बऱ्याच जणींनी गोळी आधीच बंद केलेली असते. अचानक बंद केली की चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, उगाच रडू येतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांत हे जास्त होतं. घरातले म्हणतात, "बघा, गोळीची सवय लागली होती." ती सवय नव्हे. गोळी हळूहळू उतरवायची असते, ती झटक्यात थांबवली म्हणून शरीर तक्रार करतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. २००६ साली अमेरिकेत २०१ गरोदर बायांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी डिप्रेशन होतं आणि गोळीवर बऱ्या होत्या अशा या बाया. ज्यांनी गोळी सोडली त्यांच्यात शंभरात ६८ जणी गरोदरपणातच पुन्हा आजारी पडल्या, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात शंभरात २६. या बाया मोठ्या केंद्रांत उपचार घेणाऱ्या, पुन्हापुन्हा आजार येणाऱ्या होत्या. त्यामुळे एकदाच हलका त्रास झालेल्या बाईला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. अशा बाईला डॉक्टर स्वतःच सांगतील की सावकाश कमी करून थांबवून बघू. तेही योग्यच आहे. मात्र तो निर्णय दोघांनी बसून घ्यायचा, भीतीपोटी एका रात्रीत नव्हे.

अपवाद एकच, आणि तो पुढच्या उत्तरात आहे. तो वाचल्याशिवाय पान बंद करू नका.

माझ्या चिठ्ठीवर दोन-तीन नावं आहेत. डिप्रेशनची गोळी नेमकी कुठली?

हा प्रश्न विचारणारी बाई मला फार शहाणी वाटते. घरात सगळ्यांनाच "डोक्याच्या गोळ्या" म्हणतात, आणि तिथंच घोटाळा होतो.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या डिप्रेशन आणि चिंतेवरच्या गोळ्या. त्यांच्या गटाला एसएसआरआय म्हणतात. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन या त्यांच्या जवळच्या नात्यातल्या. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या पिढीतल्या. अमिट्रिप्टिलिन कमी डोसात अर्धशिशीसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठीही देतात. त्यामुळे "मला डिप्रेशनची गोळी नाही" असं सांगणाऱ्या बाईच्या चिठ्ठीवरही ती सापडते.

आता जोडगोळी. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात आणि भरपूर लिहिल्या जातात. क्लोनाझेपाम ही झोपेच्या, चिंतेच्या गटातली वेगळी गोळी. तिची सवय खरोखर लागते, आणि बाळंतपणाच्या सुमारास घेतली तर बाळ जन्मल्यावर सुस्त, ढिलं पडू शकतं. स्ट्रिपवर दोन नावं दिसली तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यातली दुसरी लागते काय?" स्वतःहून मात्र तीही झटक्यात थांबवू नका.

आणि तो अपवाद: सोडियम व्हॅलप्रोएट. ही फिटची आणि बायपोलर आजाराची गोळी आहे, डिप्रेशनची नव्हे. पण पिशवीत ती शेजारीच असते. तिने बाळाच्या पाठीच्या मणक्यात व्यंग येण्याचा, शंभरात दहा बाळांत कुठलं तरी मोठं व्यंग असण्याचा आणि पुढे मुलाची बुद्धी कमी राहण्याचा धोका पक्का सिद्ध झालेला आहे. चिठ्ठीवर हे नाव असेल आणि दिवस गेले असतील, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. फिट येत असतील तर तीही आपल्या मनाने बंद करायची नाही, कारण फिटनेही आईचा आणि बाळाचा जीव धोक्यात येतो.

व्हॅलप्रोएटचं वाईट नाव बिचाऱ्या सर्ट्रालिनला चिकटलंय असं मला कित्येकदा वाटतं.

गोळी बाळापर्यंत पोचते का?

पोचते. वार ही भिंत नाही, गाळणी आहे. या गोळ्या कमी-अधिक प्रमाणात तिच्यातून पलीकडे जातात. "बाळाला काहीच पोचत नाही" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पोचते म्हणजे बिघडवतेच, असंही नाही.

बाळात व्यंग येईल का?

कुठलंही औषध न घेणाऱ्या बायांच्या पोटीही शंभरातली साधारण तीन बाळं काही ना काही मोठं व्यंग घेऊन येतात. ही सगळ्यांची पायरी. गोळीने ती किती वर जाते, हा खरा प्रश्न.

सगळ्यात जास्त भीती हृदयाची. २००५ साली अमेरिकेच्या औषध खात्याने पॅरोक्सेटिनबद्दल इशारा दिला, की पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास हृदयाच्या पडद्यात छिद्र राहण्याचा धोका वाढू शकतो. म्हणूनच मूल हवं असलेल्या बाईला नव्याने पॅरोक्सेटिन सहसा सुरू करत नाहीत. पुढे २०१४ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास गरोदरपणांची नोंद तपासली गेली. त्यांतल्या चौसष्ट हजारांहून जास्त बायांनी पहिल्या तिमाहीत डिप्रेशनची गोळी घेतली होती. हृदयाचं व्यंग गोळी न घेतलेल्यांत दर दहा हजारांमागे ७२, घेतलेल्यांत ९०. इथं थांबलं तर गोळी दोषी वाटते. पण गोळी घेणाऱ्यांत मधुमेह, जास्त वजन, तंबाखू, इतर औषधं यांचंही प्रमाण जास्त होतं. डिप्रेशन असलेल्या बायांचीच आपसांत तुलना करून हे सगळं वजा केलं, तेव्हा फरक जवळजवळ उरला नाही.

पाचव्या महिन्याचं स्कॅन तर सगळ्यांचंच होतं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा, लपवू नका.

गोळी घेतली होती म्हणून पाडायला सांगताहेत. खरंच पाडायला पाहिजे काय?

फक्त डिप्रेशनची नेहमीची गोळी घेतली, एवढ्या कारणासाठी नाही. हवंहवंसं मूल या भीतीने काढून टाकलेल्या बाया मी बघितल्या आहेत. त्याचं मला आजही वाईट वाटतं. निर्णयाआधी एकदा मानसोपचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका.

नेटवर माझ्या गोळीपुढे "कॅटेगरी सी" लिहिलंय. म्हणजे धोकादायक ना?

ती ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं अमेरिकेने २०१५ पासून काढायला घेतली, कारण लोक त्यांना परीक्षेतल्या ग्रेडसारखं वाचत होते. "सी" म्हणजे नापास नव्हे. त्या अक्षरावरून काही ठरवू नका.

जन्मल्यावर बाळ थरथर कापतं, रडत राहतं म्हणतात. ते काय असतं?

हे होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर साधारण तीन-चार बाळांत एकाला जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत काहीतरी लक्षण दिसतं: हातपाय थरथरणं, चिडकं रडणं, श्वास भरभर चालणं, नीट दूध न ओढणं, झोप न लागणं. बहुतेक वेळा ते सौम्य असतं. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप जातं. उपाय म्हणजे बाळाला उराशी धरणं, वारंवार पाजणं, दिवा-आवाज कमी ठेवणं. थोड्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून दोन गोष्टी करा. बाळंतपण दवाखान्यात व्हावं, आणि बाळाच्या डॉक्टरांना आधीच ठाऊक असावं की आई गोळीवर आहे. नाहीतर ते दुसरंच कारण शोधत बसतात, आणि बाळाला विनाकारण सुया टोचल्या जातात. चोवीस तासांत घरी जायची घाई करू नका. दोन दिवस थांबा.

याहून दुर्मिळ, पण गंभीर अशी एक गोष्ट आहे: बाळाच्या फुप्फुसांतला रक्तदाब जन्मानंतर उतरायला पाहिजे तसा न उतरणं. २०१५ च्या एका फार मोठ्या अभ्यासात गोळी न घेतलेल्यांत दर हजारी साधारण दोन बाळांना आणि शेवटच्या तिमाहीत एसएसआरआय घेतलेल्यांत दर हजारी साधारण तीन बाळांना हे झालेलं दिसलं. दोनाचे तीन. वर्तमानपत्र याला "दीडपट धोका" म्हणेल आणि ते खोटं ठरणार नाही. पण उरलेली ९९७ बाळं त्या बातमीत दिसत नाहीत.

बाळ थोडं आधी जन्मण्याची शक्यताही किंचित वाढते, सरासरी काही दिवसांनी. आईला बाळंतपणात रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, तेव्हा बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनाही गोळी ठाऊक हवीच.

आधी असं सांगत की शेवटच्या महिन्यात गोळी कमी करा, म्हणजे बाळाला त्रास होणार नाही. त्याने बाळाचा त्रास टळतो असं सिद्ध झालेलं नाही. आई मात्र नेमकी बाळंतपणाच्या तोंडावर उघडी पडते. उलट शेवटच्या तिमाहीत शरीरात रक्त वाढतं, यकृत गोळी लवकर संपवतं आणि तोच डोस अपुरा पडू लागतो. काहींचा डोस वाढवावा लागतो. वाढवला म्हणून घाबरू नका.

पोरगं पुढे मंद होईल काय? ऑटिझम होईल काय? शाळेत मागे पडेल काय?

खरी भीती ही आहे. बाकीचे प्रश्न हिच्याभोवतीच फिरतात, म्हणून इथं जरा थांबूया.

२०१५ च्या डिसेंबरात कॅनडातल्या क्वेबेकमधून एक अभ्यास आला. जवळजवळ दीड लाख मुलं. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत डिप्रेशनची गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण ८७ टक्क्यांनी जास्त दिसलं. ही बातमी जगभर फिरली. तिचे तुकडे आजही आपल्या व्हॉट्सॲपवर येतात. ८७ टक्के ऐकून असं वाटतं की शंभरात ८७ मुलांना ऑटिझम होतो. तसं नव्हतं. त्या अभ्यासात एकूण मुलांत हे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी होतं आणि गोळीच्या गटात शंभरात एकाच्या किंचित वर. गोळीच्या गटातली ऑटिझम असलेली मुलं मिळून ३१.

पण तेवढं सांगून मी सुटत नाही, कारण किंचित वाढलं असलं तरी आई विचारणारच, "ते गोळीनं वाढलं काय?"

हे कसं शोधायचं? डिप्रेशन घराण्यात चालतं, ऑटिझमही घराण्यात चालतो, आणि दोन्हींच्या मुळाशी काही अंशी सारखीच वंशाची देणगी असते. ज्या घरात एक आहे तिथं दुसरं सापडण्याची शक्यता मुळातच जास्त. मग गोळी खाणारी आणि न खाणारी अशा दोन वेगळ्या घरांतल्या आया तोलून काय कळणार? संशोधकांनी त्यावर साधी युक्ती काढली. एकाच आईची दोन मुलं घ्यायची. एकाच्या वेळी आई गोळीवर होती, दुसऱ्याच्या वेळी नव्हती. आईबाप तेच, घर तेच, रक्त तेच. गोळी दोषी असेल तर भावाभावांत फरक दिसायला हवा.

२०१७ मध्ये असे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक कॅनडातल्या ओंटारिओचा, सुमारे ३६ हजार जन्मांचा. दुसरा स्वीडनचा, पंधरा लाखांहून जास्त मुलांचा. दोन्हींत वरवरची तुलना केली तेव्हा गोळीच्या बाजूला ऑटिझम जास्त दिसला. भावंडांची तुलना केली तेव्हा तो फरक नाहीसा झाला. स्वीडनच्या अभ्यासात मुलांचं लक्ष न लागणं, अति चळवळेपणा याबद्दलही तेच दिसलं. फक्त बाळ थोडं लवकर जन्मण्याचा फरक भावंडांतही टिकून राहिला. मला त्यामुळेच त्या अभ्यासावर जास्त विश्वास वाटतो. खरा परिणाम असेल तर ही पद्धत तो पकडते, झाकत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतून लाखो गरोदरपणांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात ऑटिझम, लक्ष, शिकण्यातल्या अडचणी, बोलणं, वागणूक सगळं तपासलं होतं. आईचा आजार आणि इतर गोष्टी हिशोबात धरल्यावर गोळीचा वेगळा दोष सापडला नाही.

सगळंच इतकं स्वच्छ नाही, आणि ते सांगणं माझं कर्तव्य आहे. डेन्मार्कमध्ये शाळेच्या परीक्षांचे गुण तपासले (२०२१). गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांना गणितात शंभरात सरासरी दोनेक गुण कमी होते, भाषेत फरक नव्हता. फिनलंडमध्ये २०१६ साली दोन अभ्यास आले. गोळीच्या गटातल्या मुलांत वयात येताना डिप्रेशन आणि बोलण्या-भाषेच्या अडचणी जास्त आढळल्या. पण ज्या आयांना गोळी द्यावी लागली त्यांचा आजारच जास्त तीव्र होता काय, हे तिथं पूर्ण वेगळं काढता आलं नाही. २०१८ मध्ये नवजात बाळांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये भावनांशी संबंधित भागांत लहानसे फरक दिसले. त्यात गोळीच्या गटातली बाळं अवघी सोळा होती. गर्भात सेरोटोनिन हे मेंदूच्या घडणीला वाट दाखवणारं रसायन असतं, आणि गोळी त्याच्यावरच काम करते. त्यामुळे संशोधक हे दार बंद करत नाहीत, तपासत राहतात. ते बरोबरच आहे.

एवढं वाचून माझं मत विचाराल तर: गणितातले दोन गुण आणि आई अंथरुणातून उठू न शकणं, यांची बरोबरी मी तरी करणार नाही.

हे सगळे अभ्यास परदेशातले. आमच्या बायकांना कसे लागू पडायचे?

प्रश्न रास्त आहे. स्वीडनमध्ये जन्मापासून प्रत्येक माणसाची प्रत्येक चिठ्ठी नोंदलेली असते. आपल्याकडे तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी तपासणी कार्डावर, लोहाच्या गोळ्या लिहितात, मनाच्या गोळ्या कुणी लिहीत नाही.

आपल्या बाया अशा अभ्यासांत येऊच शकत नाहीत, असं मात्र नाही. बाळंतपणातला रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टोल गोळीचा एक मोठा अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या १६२० बायांवर झाला. २००६ मध्ये तो जगाच्या आघाडीच्या वैद्यकीय मासिकात छापून आला आणि अनेक देशांनी त्यावरून धडा घेतला. मनाच्या औषधांबद्दलही असं काम इथं व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आजार उपचाराविना राहिला तर बाळाचं काय होतं, हे बघायला मात्र स्वीडनला जायला नको. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या बायांचा अभ्यास झाला. सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तर शंभरातल्या २३ जणी डिप्रेशनमध्ये होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, या गोष्टी त्यांच्यात ठळक दिसल्या. आपल्याला यातलं काय नवीन आहे? २००३ मध्ये त्यांच्या बाळांबद्दल छापून आलं: डिप्रेशनमधल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने आणि उंचीने मागे होती, आणि त्यांची मानसिक वाढही कमी होती. पूर्ण देशातल्या ३८ अभ्यासांची मिळून सरासरी काढली (२०१७), तीही बाळंतिणींत २२ टक्के आली.

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गोळी आणि दुसऱ्यात "काहीच नाही" असं नसतं. दुसऱ्या पारड्यात आजार असतो. जेवण न जाणं, तपासणीला न जाणं, लवकर बाळंत होणं, बाळाकडे बघून काहीच न वाटणं, आणि कधीकधी जीव द्यावासा वाटणं. ते पारडं रिकामं समजून आपण तोलतो.

मिशेरीचं काय?

हे कुणी विचारत नाही, मीच विचारते. निपाणीचा तंबाखू आणि विडी आपल्या भागाला नवी नाही. ज्या घरात सुनेच्या सर्ट्रालिनवरून भांडण होतं, त्याच घरात ती सकाळी मिशेरी लावते आणि त्याला कुणी औषध किंवा विष म्हणत नाही. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं, पोटात मूल दगावण्याचा धोका वाढतो. हे गोळीबद्दलच्या कुठल्याही शंकेपेक्षा कितीतरी पक्कं आहे. बाळाची काळजी असेल तर सुरुवात तिथून करा.

गोळीशिवाय काही उपाय नाही काय?

आहे, आणि हलक्या-मध्यम त्रासात तोच आधी करायचा. ठरावीक पद्धतीने, आठवड्याच्या आठवड्याला बोलण्याची उपचारपद्धत असते. पाकिस्तानातल्या खेड्यांत आरोग्यसेविकांना ती शिकवून बघितली (२००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं), गोव्यात साध्या शेजारणींना शिकवून बघितली. पदवी नसलेल्या बायाही नीट शिकवलं तर ती देऊ शकतात. आशाताईंना हे शिकवलं तर काय होईल, याचा विचार मी नेहमी करते.

पण बाई जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल किंवा आधी दोन-तीनदा गोळीवरच बरी झालेली असेल, तर नुसत्या बोलण्यावर विसंबू नये. "मन घट्ट कर" हा उपचार नव्हे. "नेटवर बघून" हर्बल गोळी घेणं तर अजिबात नको, तिच्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

अंगावर पाजताना गोळी चालते काय?

बहुतेक वेळा चालते. सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरते, म्हणून ती पहिली पसंती. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस राहते. त्यामुळे नव्याने सुरू करायची असेल तर डॉक्टर दुसरी बघतात. पण जी गोळी गरोदरपणात लागू पडली, ती फक्त पाजण्यासाठी बदलायची गरज सहसा नसते. बाळ फार सुस्त वाटलं, ओढेना झालं, वजन भरेना, तर दाखवा.

सासूबाईंना सांगू की नको?

तुमची माहिती तुमची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. डॉक्टर किंवा मेडिकलवाला ती परस्पर घरी सांगू शकत नाही. आमच्या दुकानात मी हे कटाक्षाने पाळते.

तरीही घरातलं एक माणूस विश्वासात असावं असं मला वाटतं. नवरा असेल, नणंद असेल, आई असेल. कित्येक सासवांना मी स्वतः समजावलंय. "बीपीची गोळी जशी, तशी ही" एवढं म्हटलं की निम्म्यांना पटतं. उरलेल्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं असतं, तेव्हा त्यांना एकदा बरोबर न्या.

बाळंतपणानंतर आठ दिवसांत वहिनी काहीतरीच बडबडायला लागल्या. झोप नाही, बाळाला ओळखत नाहीत. बाहेरचं काही आहे काय?

हे थांबायचं काम नाही. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांत असा तीव्र मानसिक आजार होतो. तो डिप्रेशनहून वेगळा आणि झपाट्याने वाढणारा असतो. आईला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेला नवस बाई बरी झाल्यावर आनंदाने फेडा. आज आधी दवाखाना. उपचाराने या बाया बऱ्या होतात. दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा आईपासून तोडायचं नाही, असं तोच कायदा सांगतो.

कुठं जायचं? मराठीत बोलणारं कुणी भेटेल काय?

बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात आणि केएलईच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मंगळवारी मनोचैतन्य योजनेचा दवाखाना भरतो. निघण्याआधी आशाताईकडून वेळेची खात्री करून घ्या. धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा विभाग २००९ पासून चालतो.

भाषेची अडचण मी रोज बघते. फॉर्म कन्नडमध्ये, गोळीचं पाकीट इंग्रजीत, आणि बाईचं दुःख मराठीत. पोट दुखतंय हे खुणेनं सांगता येतं, पण "बाळाकडे बघून काही वाटत नाही" हे परक्या भाषेत कसं सांगणार? आपल्याकडचे बरेच डॉक्टर आणि नर्स मराठी बोलतात. आधीच "मराठीत बोलू काय?" म्हणून विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि भाषा निवडता येते. जीव द्यावासा वाटत असेल तर हा नंबर आत्ता लावा.

सातव्या महिन्यात माहेरी चाललेय, चंदगडला. तिकडं गेल्यावर गोळीचं काय करू?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण माझ्या घरात घडलं ते इथंच घडलं. माझी धाकटी बहीण सर्ट्रालिनवर छान होती. ओटी भरून बाळंतपणाला माहेरी गेली. तिथं तपासणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि "हे कशाला? बंद करा" एवढंच म्हणाले. ना कमी करत नेणं, ना इथल्या डॉक्टरांना फोन. आईला वाटलं बरंच झालं. तीन आठवड्यांत तिचं जेवण तुटलं. आठव्या महिन्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि मी इकडे फोनवर विचारायची, "बाळ हलतंय ना?" बाळाचं सगळे विचारत होतो, तिचं कुणी विचारत नव्हतं. मी जाऊन तिला परत आणलं, गोळी पुन्हा सुरू झाली, मुलगी झाली. जन्मल्यावर दोन दिवस ती पोर जराशी थरथरायची. आता शाळेत जाते.

सीमा ओलांडली की डॉक्टर बदलतो, फाइल बदलते, कार्ड बदलतं. कर्नाटकातलं कार्ड महाराष्ट्रात कुणी उघडून बघत नाही, आणि तिकडून परत येणाऱ्यांचंही तसंच. म्हणून निघण्याच्या आधी पंधरा दिवस मानसोपचार डॉक्टरांकडे जा आणि एक चिठ्ठी लिहून मागा: आजार काय, गोळी कुठली, डोस किती, कधीपासून, आधी बंद केली तेव्हा काय झालं, आणि बदल करायचा असल्यास कुणाला फोन करावा. बाळंतपण करणाऱ्या आणि बाळाच्या डॉक्टरांसाठी तिच्या दोन झेरॉक्स काढा. गोळ्या दीड महिन्याच्या घ्या, कारण चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत आणि दुसऱ्या राज्यातल्या चिठ्ठीवर एखादा दुकानदार का-कू करतो. तिकडं मोठ्या दवाखान्याची वेळ आली तर कोल्हापूरचं सीपीआर आहे.

ती चिठ्ठी डिंकाच्या लाडवांच्या डब्यात नको, बाळंतविड्याच्या पिशवीत नको. तायी कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, अगदी वरच ठेवा, म्हणजे पाकीट उघडणाऱ्याच्या हाताला ती आधी लागेल.